चिकटवलेली पानं

रहिमतपूरच्या वाचनालयात विज्ञानकथा आणि अद्भुत कादंबऱ्या वाचणारे आम्ही चार-पाच जण होतो. आमचा एक रिवाज होता. पुस्तक परत करताना टेबलावर ठेवायचं नाही. ज्याला आवडेल असं वाटतं त्याच्या हातात द्यायचं आणि का ते सांगायचं. त्याला नाही आवडलं, तर पुस्तक देणाऱ्याने चहा पाजायचा. बाकीचे सभासद चरित्रं वाचत आणि मिसरूड फुटूनही गोट्या खेळणाऱ्या पोरांकडे पाहावं तसं आमच्याकडे पाहत.

आमच्यातले एक प्राथमिक शाळेत गुरुजी होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या बायकोला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. लाइट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला ते तिला पॅसेंजरने मिरजेला नेत, आणि गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, पुस्तक वाचून दाखवत. बाई सातवी झालेल्या होत्या, वाचायच्याही. पण आता हातात पुस्तक फार वेळ धरवत नव्हतं. परग्रह, काळयंत्र, बोलणारी झाडं, त्यांना काहीही चाले. फक्त गुरुजींनी आम्हाला एक अट घातली, पुस्तकात कुणी आजारी पडून मरता कामा नये.

अट साधी वाटली, पण पुस्तकं धुंडाळल्यावर आमची फजिती झाली. ज्या कादंबऱ्या आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना छातीठोकपणे देत आलो होतो, त्यांत पहिल्या पन्नास पानांत निम्मी मानवजात संपत होती. साथ, धूमकेतू, समुद्र. शिफारशी करताना आमची भाषाच बदलली. एक जण गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "यात पृथ्वी जाते गुरुजी, पण घरातलं कुणी जात नाही." गुरुजींनी ते पुस्तक घेतलं.

वाचनालयाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी आधी एक पोथी सुचवली. आमच्या घरातल्या पोथ्या वडिलांनी धर्म बदलला तेव्हाच बंद झाल्या, असं गुरुजींनी शांतपणे सांगितलं. मग अध्यक्षांनी कार्यकारिणीची बैठक बोलावली. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. ठराव असा झाला की आम्ही पुस्तकं आधी वाचायची आणि मृत्यूची पानं खळीने चिकटवून टाकायची. वाचनालयात पानं फाडणाऱ्याला दंड होता. चिकटवणाऱ्याबद्दल नियम नव्हता. आम्हाला ही कल्पना फार सुरेख वाटली, हे आज लिहिताना विचित्र वाटतं. दोन-तीन महिने आम्ही पानं चिकटवत होतो. एका कादंबरीत तर एवढी चिकटवली की ती उघडताना पुठ्ठ्यासारखी वाजायची.

पावसाळ्यात लाइट थांबले. उपयोग नव्हता. बाई घरी होत्या. एका संध्याकाळी मी नवं पुस्तक घेऊन गेलो. गुरुजी दोन्ही मुलांना घेऊन दळण आणायला गेले होते. बाईंनी मला बसायला सांगितलं आणि उशाखालून जुनं पुस्तक काढलं. चिकटवलेली सगळी पानं सुटी झाली होती. कडा फुगलेल्या, पण अक्षर शाबूत.

"वाफंवर धरली की सुटत्यात," त्या म्हणाल्या. "मास्तरांस्नी बोलू नगा. त्यांस्नी वाटतंय मला कळत न्हाई."

मी ती पानं उलटून पाहिली.

"आवं, मरायचं मला ठाऊक हाय. त्यात काय वाचायचं? मागं राहिल्यांचं पुढं काय होतं, ते कुणी लिव्हलंय का बघा. तुमच्या पुस्तकांत बाई मेली की दुसऱ्या पानावर लढाई सुरू हुती. पोरांस्नी जेवायला कोण घालतं?"

हे मी बाकीच्यांना सांगितलं, गुरुजी नसताना. आम्ही सगळ्या कादंबऱ्या मनातल्या मनात चाळल्या. आकाशगंगा जिंकणारे होते, पण भात टाकणारा एकही आठवेना. शेवटी एक सापडली. यानातल्या प्रवासात मध्येच एक बाई मरते आणि मागे उरलेले लोक तीनशे पानं नुसती कामं वाटून घेत, भांडत, पुढे जात राहतात. आम्हा सगळ्यांना ती रटाळ वाटली होती. तिच्यावर बरेच चहा झाले होते. ती न चिकटवता गुरुजींच्या हातात द्यायची होती, आणि का ते सांगायचं होतं. कुणी पुढे होईना. मी दिली. कारण एवढंच सांगितलं की घरून मागणी आहे. त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं.

त्यांनी ती बाईंना वाचून दाखवली, सगळी. मध्ये मध्ये वाचन थांबायचं, असं नंतर त्यांनीच सांगितलं. बाई पुस्तक मिटायला लावायच्या आणि त्यांना चुलीपाशी बसवायच्या. पीठ किती, पाणी किती, तवा कधी उतरवायचा. पुस्तक संपल्यावर त्या पंधरवडाभर होत्या.

वाचनालयाने शोकसभा ठेवली. अध्यक्षांनी अनंताच्या प्रवासावर बोलायला सुरुवात केली आणि ते बराच वेळ परतले नाहीत. गुरुजी पुढच्या रांगेत होते. दिवेलागण झाली तसे ते उठले. अध्यक्ष थांबले, त्यांना वाटलं, गुरुजींना दोन शब्द बोलायचे आहेत.

"पोरं जेवायची राहिल्यात," गुरुजी म्हणाले, आणि चपला शोधून निघून गेले.