कप्तानाने कालवलेली तंबाखू

तंबाखूच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. जहाजाच्या इंजिनात जन्म काढला, बंदरोबंदरीची पानं ओढून झाली, आणि आता अलिबागला घरी बसलो तरी नाश्त्यानंतरचा पाइप सुटलेला नाही. शनिवार-रविवारी मांडव्याच्या बोटीने येणारे बंगलेवाले मला कौतुकाने आपले डबे उघडून दाखवतात. कुणाच्या डब्यात व्हॅनिला, कुणाच्या चेरी, एकाच्या तर चक्क चॉकलेट होतं. ही तंबाखू नव्हे, बर्फीला काडी लावणं आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगतो. त्यांना राग येतो, पण पुढच्या शनिवारी पुन्हा येतात.

माझ्या मते पाइपाला तीन पानं पुरतात, आणि तीही वरून कसलाही सुगंध न मारलेली. व्हर्जिनिया गोड, तिला वाळल्या पेंढ्याचा वास. बर्ली कोरडी, भाजल्या शेंगदाण्याच्या जातीची, त्या गोडव्याला आवर घालणारी. तिसरी पेरिक. ही पिंपात दाबून स्वतःच्याच रसात महिनोन्‌महिने मुरवतात. रंगाने काळी, वासाने सुक्या अंजिरासारखी आंबूस, आणि मिरीसारखी नाकात चढणारी. चिमूटभर जास्त पडली की घसा धरते आणि कमी पडली तर बाकीच्या दोघी असून नसल्यासारख्या. हे प्रमाण ज्याला जमतं त्याला मी मानतो. असा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आमचा कप्तान.

आम्ही वर्षानुवर्षं एकाच जहाजावर होतो. तो वर ब्रिजवर सुकाणूपाशी, मी चीफ इंजिनियर खाली इंजिनात, आणि दिवसभर फोनवरून एकमेकांचा उद्धार. संध्याकाळी मात्र डेकवर त्याने कालवलेली तंबाखू दोघांत. आता तो मुरूडकडे, समुद्राला लागून असलेल्या बापाच्या घरात राहतो. भाभी गेल्यापासून एकटाच. मुलगी पनवेलला, मुलगा कतारला.

मागे एका तापात कप्तानाला वास येईनासा झाला. सगळ्यांना वाटलं, येईल हळूहळू. मग एके दिवशी शेजारीण ताजे बोंबील द्यायला आली, तर घरभर गॅस भरलेला. कप्तान स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होता. पाइप भरून तोंडात धरलेला आणि काडीपेटी मांडीवर. त्या बाईने किंचाळत सिलिंडर बंद केला म्हणून पुढचं टळलं.

मुलाने ठरवून टाकलं की घराला कुलूप आणि अब्बा पनवेलला. कप्तान हटून बसला. वास परत आलाय म्हणाला. मुलगा मानेना. शेवटी कप्तानानेच तोड काढली. त्याने तिन्ही पानं स्वतः कालवायची, मी ओढून बघायची आणि निकाल द्यायचा. मी पास केलं तर तो घरात राहणार, नापास केलं तर मुकाट्याने पनवेलला जाणार. मुलालाही हे पटलं, कारण नाक नसलेल्या माणसाच्या हातून असलं काम होणार नाही असं त्याला वाटत होतं. त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हाती कतारहून पानं पाठवली, आणि पुढच्या रजेवर तो आला तसं मला बोलावणं आलं.

मी गेलो तेव्हा दोघे बापलेक पडवीत बसलेले. मुलाने माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. कप्तानाने पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "चीफ, दोस्ती बाजूला ठेव. खरं काय ते बोल."

"दोस्तीत मी कधी गोड बोललोय?" मी म्हटलं.

डबा उघडला. रंग सुरेख होता, पिवळसर, तपकिरी आणि मधूनमधून काळे धागे. आमच्या समुद्रकाठच्या हवेत तंबाखू दमट राहते, म्हणून थोडी कागदावर पसरून वाऱ्याला ठेवली. चिमटीत दाबून पाहिली, दाबली गेली पण चिकटली नाही. वास आंबूस होता. पेरिक आंबूसच असते म्हणून मी त्यावर थांबलो नाही. पाइप भरला, तळाला सैल, वर जरा घट्ट, आणि काडी लावली.

पहिल्या झुरक्यांत व्हर्जिनिया आली, गोड आणि स्वच्छ. मागोमाग बर्लीने तिला जमिनीवर आणलं. मग नाकाच्या शेंड्याशी पेरिकची मिरी, पाहिजे तेवढीच. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. माझा कप्तान परत आला होता! मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि कप्तान समुद्राकडे बघत असल्याचं नाटक करत होता.

पाइप अर्ध्यावर आला, तंबाखू तापली, आणि धुरातून हिंग आला. मी थांबलो. पुन्हा हळू ओढलं. हिंगच, आणि त्याच्यामागे मेथी.

"चाचा, काय झालं?" मुलाने विचारलं. "पास का नापास?"

मी पास म्हणू शकलो असतो. प्रमाण अचूक होतं, आणि हिंग त्या मुलाला कळला नसता. पण मी त्या दिवशी कप्तानाला पास केलं असतं आणि पुढे कधीतरी सिलिंडरने त्याला नापास केलं असतं. इंजिनातला माणूस आहे मी, गळती झाकून ठेवणं मला जमत नाही.

"कप्तान," मी म्हटलं, "प्रमाण फर्स्ट क्लास. पण हिला हिंग येतोय."

तो हसला. "हिंग? तुझंच नाक गेलं वाटतं." त्याने डबा उचलला, नाकाला लावला आणि छाती भरून श्वास घेतला. मग आमच्याकडे बघत म्हणाला, "कुठं हाय हिंग? न्हाय बा."

"ठेवली कशात होतीस?"

"बरणीत. खारातल्या कैऱ्यांच्या. चांगली घासून, उन्हात वाळवून घेतली. पेरिक दाबून मुरवतात ना, म्हणून सगळी तंबाखू आत भरली, वर कैऱ्यांवरचाच दगड ठेवला आन तोंडाला फडकं बांधलं."

आमच्याकडे मुरवायचं म्हटलं की बरणी आणि दगड हेच सुचणार. त्याच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं, फक्त बरणीत तोंड घालून एकदा हुंगलं असतं. कप्तानानेही हुंगलं असणार, आणि काहीच येत नाही म्हणजे बरणी स्वच्छ झाली असं समजला असणार. गोड-तिखट त्याने जिभेवर जोखलं होतं, पानाचा ओलावा बोटांनी, बाकी सगळं आठवणीने.

"अब्बा," मुलगा म्हणाला, "तुम्हाला वास येतच न्हाय."

"न्हाय."

"अजिबात?"

"अजिबात न्हाय."

मुलगा उठून पायरीवर जाऊन बसला. त्याला रागापेक्षा रडू जास्त आलं होतं. मग बोलायची पाळी माझी होती, आणि अशा वेळी मी कुणाला मध्ये बोलू देत नाही. "गॅस आजच काढायचा," मी म्हटलं. "विजेची शेगडी बसवायची. वायरिंग मी स्वतः बघतो. सारखं पनवेल-पनवेल काय लावलंय? धोका सिलिंडरचा आहे, घराचा नाही. सिलिंडर बाहेर काढा, म्हाताऱ्याला कशाला काढता?"

मुलगा पायरीवरून उठला. म्हणाला, "पण शेगडी मी जायच्या आत बसली पायजे, चाचा." आणि तो लगेच शेगडी बघायला गाडी काढून मुरूडला गेला.

मला वाटलं, कप्तान आता सुटल्यासारखा हसेल, मला दोन शिव्या देईल. तो घरात गेला आणि ती बरणी दोन्ही हातांनी धरून घेऊन आला.

"चीफ, ह्यात तुझ्या भाभीनं घातलेल्या शेवटच्या कैऱ्या होत्या. संपल्या तरी मी बरणी धुतली नव्हती. ताप यायच्या आधी रोज झाकण काढून वास घ्यायचो." "मग वास यायचा बंद झाला. म्हटलं, आता ठेवून तरी काय करायची? म्हणून घासून त्यात तंबाखू भरली. तू हिंग म्हणालास म्हणून आणली. बघ जरा. अजून येतो?"

मी बरणी घेतली आणि आत तोंड घातलं. नीट, सावकाश, पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं. आत नुसता तंबाखूचा वास होता.

"येतो," मी म्हटलं. "कालच कैऱ्या भरल्यासारखा येतो."