ओठांवरची मराठी

इंदूरच्या राजवाड्यावरून एक मिरवणूक निघाली होती आणि बँड आमच्या ओट्यासमोर येऊन थांबला होता. आळीतली सगळी पोरं धावत सुटली. माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. ती रस्त्याकडे पाठ करून चिंचोके मांडत बसली होती. ढोल अगदी तिच्या पाठीशी वाजत होता, तरी तिनं मान वळवली नाही. मी दारात उभी होते, धावत जाऊन तिला उचललं.

तोवर सगळे म्हणत, बोलेल हो, काही मुलं उशिरा बोलतात. सासूबाईंनी खजराण्याच्या गणपतीला नवस बोलून ठेवला होता. ह्यांची नोकरी सरकारी. मध्यभारताचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, त्यामुळे अर्धं वर्ष घरात आम्ही तिघीच. त्यात सासूबाई कमी बोलणाऱ्या, आणि मुलगी तर न बोलणारी.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हिला ऐकू येत नाही. बुद्धी मात्र चांगली आहे. मुंबईला अशा मुलांची शाळा आहे, पण सहा-सात वर्षांची झाल्यावर न्या."

"आणि तोपर्यंत?" मी विचारलं.

इंदुरात तशी काही सोय त्यांना ठाऊक नव्हती.

माझा भाऊ मुंबईला होता. मी मुलीला घेऊन त्याच्याकडे गेले आणि त्या शाळेच्या मुख्य बाईंना भेटले. त्यांनीही तेच सांगितलं. मूल फार लहान आहे, वसतिगृहात ठेवता येणार नाही, नंतर या.

"हिला नका घेऊ," मी म्हटलं. "मग मला घ्या."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला?"

"मला शिकवा. मी घरी जाऊन हिला शिकवीन."

दुसऱ्या दिवसापासून मी लहान मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसू लागले, मुलगी मांडीवर. काय काय पाहिलं! तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'प' म्हटलं की ती फडफडते. 'म' म्हणताना नाकावर बोट ठेवलं तर आत गुणगुण लागते. 'ब' ला गळा थरथरतो. ओठांवर मात्र तिन्ही अगदी एकसारखी. म्हणून माझी मुलगी पुढे बोलू लागल्यावरही कित्येक महिने मामाला बाबा म्हणत होती आणि भेटायला आला की माझा भाऊ बिचारा लाजायचा.

काही महिन्यांनी इंदूरला परत निघताना बाईंनी बजावलं, "एक लक्षात ठेवा. तिच्याशी एकाच भाषेत बोलायचं. दोन भाषांचा गोंधळ सध्या नको."

इंदुरात हे सगळ्यात अवघड. आमच्या घरात "जरा खिडकी बंद कर ना, धूल येते आहे" ही शुद्ध मराठी समजली जाते. दूधवाला हिंदीत बोलणार, शेजारीण मालवीत, आणि हे ग्वाल्हेरहून आले की तिन्हींची खिचडी. मी घरात फर्मान काढलं, मुलीसमोर फक्त मराठी, आणि तीही तिच्याकडे तोंड करून. ह्यांनी इमानेइतबारे प्रयत्न केला. पहिले दोन दिवस ते गप्पच बसून राहिले.

शेजारच्या काकी मात्र हिरमुसल्या. मुलीवर त्यांचा फार जीव. "म्हारे तो मराठी नी आवे, बाई," त्या म्हणाल्या. "तो इससे बात ही नहीं करूँ क्या?"

मग त्याच रोज दुपारी येऊन माझ्याजवळ बसू लागल्या आणि मराठी शिकू लागल्या. 'ये', 'बस', 'पाणी पी', 'लाडू घे'. त्यांच्या तोंडी मराठी ऐकून मला हसू यायचं, पण मुलीला त्यांचे ओठ लगेच वाचता येत. काकी बोलायच्याच तशा, तोंडभर.

सासूबाईंचं उलट होतं. त्यांचे दात केव्हाच पडले होते. ओठ आत गेलेले, त्यामुळे त्या काय म्हणतात ते मुलीला कळेना. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राही आणि मग माझ्याकडे वळे. सासूबाईंना ते लागलं. कवळी बसवा म्हणून हे कितीदा मागे लागले होते. "आता मला कुठे मिरवायचंय!" असं म्हणून त्यांनी उडवून लावलं होतं. एक दिवस त्या ठेवणीतलं नऊवारी नेसून तयार झाल्या आणि म्हणाल्या, "अगं, टांगा बोलाव. दातांच्या डॉक्टरकडे जायचंय."

कवळी त्यांना सुरुवातीला फार टोचली. पण ती लावून त्या नातीसमोर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "इकडे ये." मुलगी उठली आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, कोण जाणे.

तिचा पहिला खरा शब्द 'पपई'. आरशासमोर पट्टी फडफडवून आम्ही तो शेकडो वेळा म्हटला होता, पण बाजारात एका गाडीसमोर ती आपणहून उभी राहिली आणि म्हणाली, "पपई." गाडीवाल्यानं फोड कापून तिच्या हातात दिली. "लो बिटिया." त्याला यात विशेष काही वाटलं नाही. एका मुलीनं मागितली, त्यानं दिली. मला तर भर बाजारात नाचावंसं वाटलं.

सहा वर्षांची झाली तेव्हा मी तिला मुंबईऐवजी आमच्या मराठी शाळेत घेऊन गेले. मुख्याध्यापिका खिडकीकडे बघत म्हणाल्या, "ऐकू न येणारी मुलगी साध्या वर्गात कशी शिकणार?"

"तिच्याकडे बघून विचारा," मी म्हटलं.

त्यांनी नाव विचारलं. तिनं सांगितलं. "हे पाठ करून घेतलं असेल," त्या मला म्हणाल्या आणि पुन्हा तिच्याकडे वळल्या. "आज सकाळी काय खाल्लंस?"

हे मी पढवलेलं नव्हतं. मुलगी क्षणभर त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

"पोहे," ती म्हणाली. आवाजात चढउतार नव्हता आणि 'शेव'मधला 'श' जेमतेम उमटला, पण शब्द कळत होते. "आजीनं शेव खूप घातली. तुम्ही काय खाल्लं?"

मुख्याध्यापिका हसायलाच लागल्या. "मी काही खाल्लं नाही गं अजून," त्या म्हणाल्या आणि पहिलीच्या बाईंना बोलावून सांगितलं, "हिला पुढच्या बाकावर बसवा. आणि फळ्याकडे तोंड करून शिकवू नका."

पावसाळा संपता संपता पहिलीच्या बाईंची तक्रार आली की ही वर्गात फार बोलते. सासूबाईंनी त्या दिवशी आळीत पेढे वाटले.

ते पेढे आणि ती बातमी कुठवर पोचली देव जाणे. पुढल्या महिन्यात जवळच्या बेटम्याचं एक जोडपं आपल्या ऐकू न येणाऱ्या मुलाला घेऊन दारात उभं राहिलं, मग आणखी एक आलं. त्यांच्या घरची भाषा मालवी, आणि मला ती धड येत नव्हती. काकींनी पदर खोचला, आरसा पुढ्यात ओढला आणि त्या मुलाला समोर बसवून म्हणाल्या, "म्हारी तरफ देख, बेटा."