मालनचे हात

उमाताई शिगवण रत्नागिरीत एका पतपेढीत कारकून. माहेर मंडणगडच्या बाजूचं. रविवार आला की महिला संघटनेच्या बायकांबरोबर त्या गावोगाव फिरायच्या. नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, हे बंद करा, एवढंच त्यांचं मागणं. पुरुष सभेतून उठून जायचे, म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसायच्या. तरी एकेक ग्रामसभा ठराव करत गेली. उमाताईंच्या माहेरच्या गावानेही केला, तेव्हा आईने त्यांची दृष्ट काढली होती.

पुढच्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ मुकुल काजूच्या बागेत छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही.

उमाताई पोचल्या तेव्हा अंगणात तिरडी बांधून तयार होती. तुळसाआत्या, स्वतः विधवा, मुकुलच्या बायकोसमोर, मालनसमोर, येऊन बसली. मालनने हात मागे ओढून घेतले.

"उमे, धर गो हिचे हात," आत्या म्हणाली. "पोराचा जीव अडकवून ठेवू नका."

उमाताईंनी आईकडे पाहिलं. आई भिंतीला टेकून नुसती बघत होती. आज भांडायचा दिवस नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी मालनचे हात धरले. आत्याने दगड उचलला.

रत्नागिरीला परतल्यावर संघटनेच्या बायका भेटायला आल्या. एकीने सहज विचारलं, "तुमच्याकडे ठराव पाळला असेल ना?"

"हो," उमाताई म्हणाल्या.

त्यानंतर दर रविवारी त्यांचं डोकं दुखायला लागलं. बायका हाक मारायला यायच्या आणि त्यांच्याशिवायच जायच्या.

दिवाळीत त्या माहेरी गेल्या. मालन मागीलदारी भांडी घासत होती.

"मालन, त्या दिवशी माझं चुकलं."

मालनचा हात थांबला नाही. "सभेत मी मागे बसलेली, वन्सं. ठरावाला हात वर केलेला मी. तुम्ही माझे हात धरलात ना, तेव्हा मला वाटलं, आता सोडवतील."

मालनने घासलेली भांडी उमाताईंकडे दिली आणि त्या ती धुऊ लागल्या.

शिमग्याला त्या गावात असतानाच शेजारचे रावजी गेले. आत्या त्यांच्या बायकोजवळ, गंगाजवळ, सरकली. तेवढ्यात मालन बायकांमधून वाट काढत पुढे आली. तिने गंगाचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि वर पदर टाकला.

"ऊठ तिथून," आत्या म्हणाली. "उमे, सांग हिला काहीतरी."

उमाताई जाऊन मालनला लागून बसल्या. "आत्ये, राहू देत बांगड्या," त्या म्हणाल्या. मालनने त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. आत्या पुटपुटत उठली. पुरुषांनी तिरडी उचलली, आणि गंगा भरल्या हातांनी मोठ्याने रडली.

आता त्या गावात कुणाचा नवरा गेला की आधी मालनला बोलावणं जातं. संघटनेने तिला भाषणाला बोलावलं तर म्हणाली, काजू कोण गोळा करणार?

म्हणून सभेत उमाताईच बोलतात. मालनने गंगासाठी काय केलं, ते त्या दर वेळी सांगतात. मग कुणीतरी पोरगी विचारते, मालनच्या वेळी काय झालं होतं? उमाताई पाण्याचा पेला उचलतात. ते अजून त्यांच्या तोंडून निघालेलं नाही.