ग्लेनिसने बॉडीला अर्थ दिली

मोटारींचा कारखाना बंद झाला तेव्हा एलिझाबेथ गावातल्या निम्म्या घरांना सकाळी उठायचं कारणच उरलं नाही. ग्लेनिस प्रॅटलीची उभी हयात गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेली. नंतर कित्येक वर्षं तिला कुणी काही विचारलं नाही. मग एक दिवस शाळेतली पोरं दारात उभी राहिली. रोबोटच्या स्पर्धेत उतरायचंय, वायरिंग शिकवाल का?

तेव्हापासून शाळेमागची पत्र्याची शेड हेच तिचं घर. यंदा मात्र मुख्याध्यापकांनी सुनावलं होतं, "तुमचा रोबोट मैदानात उतरला तर शेड तुमची. नाहीतर तिथे खुर्च्या रचू."

रोबोटची बॅटरी बारा व्होल्टची, लाल वायर, काळी वायर. ग्लेनिसला जुनी मैत्रीण भेटल्यासारखं झालं. लाल वायरी तिने फ्यूजमधून नेल्या. दिवे, पंखे, कॅमेरे, हवेचे व्हॉल्व्ह, सगळ्यांच्या काळ्या वायरी मात्र जवळच्या बोल्टखाली, थेट ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर कसल्या.

"मिस, काळी वायर परत बॅटरीकडे न्यायला नको?" तहमिनाने विचारलं. संघाची कप्तान तीच.

"कशाला गं? अख्खी बॉडी धातूची आहे. तिलाच अर्थ द्यायची, म्हणजे विजेची परतीची वाट तीच. तुझ्या बाबांची गाडी अशीच चालते."

"बाबांची गाडी ढकलावी लागते, मिस."

पोरं खिदळली आणि विषय तिथेच मिटला.

स्पर्धेच्या सकाळी रोबोट तपासायला आला नेव्हिल. कारखान्यात रंगखात्यात होता, आता अशा स्पर्धांत हौसेने राबायचा.

"ग्लेन! अजून आहेस होय?"

"तुझा रंग पार उडाला रे, नेव्ह. लाव मीटर आणि दे सही."

त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या जोडाला लावली, दुसरी सांगाड्याला. मीटर किंचाळलं, म्हणजे सांगाडा बॅटरीला जोडलेला. त्याने जागा बदलली. तेच.

नेव्हिलचं हसू ओसरलं. "बॉडीला अर्थ दिलीस?"

"मग कुठे देणार?"

"इथे चालत नाही, ग्लेन. ही यंत्रं एकमेकांवर आदळतात. एक लाल वायर सोलवटून सांगाड्याला टेकली की धूरच. प्रत्येक काळी वायर आपल्या लालसोबत परत फ्यूजच्या पेटीपर्यंत गेली पाहिजे. सांगाडा कोरडा हवा, वीज नको त्यात."

"अरे, आपण जन्मभर..."

"गाड्या केल्या. ही गाडी नाही."

ग्लेनिसने पोरांकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही. ती गुडघे टेकून खाली बसली. रोबोटचा वरचा हात उतरवायचा, पोटाखालचा पत्रा काढायचा, मग एकेक वायर. तिचं काम नेहमीच पक्कं. तिने कसलेले बोल्ट आता तिलाच सुटेनात.

बाहेर भोंग्यातून संघाचं नाव पुकारलं गेलं. दोन पोरं मैदानात जाऊन रोबोटच्या रिकाम्या जागेमागे उभी राहून आली. पुन्हा नाव, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा कुणी गेलं नाही.

"तू सांगितलं होतंस," ग्लेनिस वायर सोलता सोलता म्हणाली.

"मी विचारलं होतं, मिस. सांगायला हवं होतं," तहमिना म्हणाली. "पण तुम्ही इतक्या खुशीत होतात."

ग्लेनिसचे हात क्षणभर थांबले. पोरगी चिडली असती तर बरं, असं तिला वाटून गेलं.

नेव्हिल पुन्हा आला, मीटर खिशातच ठेवून. "शेवटचा सामना सुरू झाला, ग्लेन."

पोरं गुपचूप हत्यारांचे डबे भरू लागली. कुणीतरी फलक गुंडाळला. तहमिना तिच्या शेजारी बसली. "मिस, मुख्याध्यापकांचा फोन आला होता. खुर्च्या सोमवारी येणार आहेत."

"बरं." ग्लेनिसने पुढची काळी वायर उचलली, टोकाला टोपण चढवून पक्कडीने दाबलं.

"आता कशाला, मिस?"

"वायर उघडी ठेवून उठू नये गं."

तहमिनाने टॉर्च धरला. त्या उजेडात अजून निम्म्या वायरी सांगाड्यालाच कसलेल्या दिसत होत्या.