रंभाकाकूच्या माहेरच्या कोंबड्या

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. माझी चुलती रंभाकाकू लग्न होऊन इथे आली, तेव्हा तिच्या आईने लेकीसोबत उघड्या मानेची एक गावठी कोंबडी धाडली होती. आई जाऊन कैक वर्षं झाली, पण त्या कोंबडीचा वंश काकूच्या अंगणात नांदत राहिला. सकाळी कण्या टाकताना काकू "तीऽ ती ती" अशी साद घालायची. तो हेलही आईचाच. लहानपणी मी त्याच हाकेने जागा व्हायचो, आणि आता ते रिकामं अंगण पाहिलं की जीव तुटतो.

झालं असं, की काकूच्या मुलाने, साईनाथने, भिवंडीच्या कंपनीतली नोकरी सोडून घरामागे बॉयलर कोंबड्यांची शेड घातली. टेम्पोतून पिवळी पिलं आली. भाताच्या तुसावर, बल्बच्या उबेला ती दाटीने बसलेली बघून काकू हळहळली, "आयशिवाय कशी रं निजतील ही?" आम्ही दोघं हसलो. काकू हसली नाही.

थोड्याच दिवसांत पिलं पंख पाडून बसू लागली. जुलाब व्हायचे आणि मान टाकायची. पुढच्या खेपेलाही तेच झालं. "आणखी एक खेप गेली तर शेड मोडतो नि परत भिवंडीला जातो," साईनाथ म्हणाला. लेक घरी आला म्हणून काकूने गावभर पेढे वाटले होते!

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पाणी पाहिलं, बाहेरच्या चपला आत येतात का विचारलं, तूस चाळलं. तुसात तांबडं पीस निघालं. बॉयलर तर सगळे पांढरे.

"गावठी कोंबडी येते का आत?"

"नाय हो, जाळी पक्की हाय," साईनाथ म्हणाला.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. काकू पुढे झाली. "मीच सोडीत होते. खुडूक होती ती, अंडी उबवायला बसायची. पिलं कशी पंखाखाली घुसायची तिच्या, तुमी बघायला होवं होतं."

डॉक्टर चिडले नाहीत. "आजी, तुमची कोंबडी धडधाकट आहे. तिच्या पोटातले जंतू तिला बाधत नाहीत, पण या कोवळ्या पिलांना सोसत नाहीत. दोन्ही एका अंगणात नकोत."

मला डॉक्टरांचाच राग आला. आईला कोंबड्या काढ म्हणायची साईनाथची छाती होईना. संध्याकाळी काकूने आपणहून सगळ्या कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या. "कापायच्या नाय, इकायच्या नाय. जिथून आल्या तिथं जातील."

माहेर शहापूरकडे. आई गेल्यापासून काकू तिकडे फिरकली नव्हती. "कोण वाट बघतंय?" म्हणायची. मी तिला घेऊन गेलो, तर कोंबड्या भावजयीच्या हवाली करून ती दारातूनच माघारी फिरली.

पुढची खेप चांगली निघाली. मग मी काकूला पुन्हा माहेरी नेलं. अंगणात शिरताच तिने साद घातली, "तीऽ ती ती!" कोंबड्या धावल्या, आणि घरातून तिची भावजय अनिताही धावत बाहेर आली.

"वन्सं, तुमी होय! मला वाटलं, सासूबाईच हाक मारतात."

काकू तिथेच पायरीवर बसून रडली.

निघताना भावजय तिच्या ओटीत अंडी घालू लागली. काकूने पदर मागे घेतला.

"घरी नको गो, पिलांना बाधल. मीच येत जाईन खायला."