सुभेदारांची डब्यातली गाजरं

आमच्या शेजारच्या सुभेदारांचा हुकूम उभ्या आयुष्यात कुणी मोडला असेल, तर तो फक्त गाजराने. लढाई संपल्यावर पेन्शन घेऊन हा माणूस सांगलीला विश्रामबागेत आमच्या शेजारी राहायला आला, तेव्हा आळीतली कुत्रीसुद्धा दबकून चालू लागली. गावाकडे भावाच्या ताब्यात एवढा थोरला ऊस. पण त्याकडे ढुंकूनही न बघता सुभेदारांनी अंगणात रॉकेलच्या रिकाम्या डब्यांची पलटण उभी केली, बुडाला खिळ्याने भोकं पाडली आणि त्यांत गाजरं पिकवण्याचा निर्णय जाहीर केला. कारण साऱ्या आळीला ठाऊक होतं. काकींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, दिवेलागण झाली की दिसेनासं होई, आणि हे दुखणं वाढतच चाललं होतं. गाजराने नजर सुधारते, असं पलटणीतल्या डॉक्टरने कधीतरी सांगितलेलं. मंडईत गाजरांचे ढीग असत; पण कुणाच्या हातची आणि कुठल्या पाण्यावरची गाजरं काकींच्या पोटात घालायची, हा सुभेदारांचा सवाल होता.

पहिल्या खेपेला त्यांनी मिरचीची करतात तशी गाजराची रोपं तयार केली आणि ती उपटून एकेका डब्यात ओळीने लावली. गाजराचं बी जिथल्या तिथे पेरतात, असं मी भीतभीत सुचवलं. "मास्तर, मिरची जागा बदलती, वांगं बदलतं, मी सोता धा ठाणी बदलली. ह्यालाच काय धाड भरलीया?" असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. वर दर रविवारी तपासणी. प्रत्येक गाजर उपटायचं, लांबी बघायची, पुन्हा मातीत खोचायचं. शेवटी जे पीक निघालं त्यात कुणाला दोन पाय, कुणाला तीन, आणि एक तर चक्क मांडी घालून पंगतीला बसलेलं. काकी हसून हसून बेजार झाल्या.

दुसऱ्या वर्षी बी थेट डब्यात पडलं आणि वर ओलं गोणपाट आलं. गाजर उगवायला फार वेळ घेतं, तेवढे दिवस सुभेदार खुर्ची टाकून डब्यांशेजारी बसले. एरवी ज्यांची हाक पार सडकेपर्यंत जायची, ते तिथे कुजबुजत बोलायचे. या वेळी मात्र गाजरं सरळसोट निघाली. मग रोज संध्याकाळी काकी पायरीवर बसून एक गाजर खायच्या आणि सुभेदार समोरच्या पेरूखाली उभे राहून ते संपेपर्यंत पहारा द्यायचे. काकींना गाजर मुळीच आवडत नसे. घशाखाली उतरत नाही, असं त्या माझ्या बायकोला सांगत, आणि तरी रोज देठापर्यंत संपवत.

डबे रिकामे होत आले होते तेव्हाची गोष्ट. अंधारून आलं होतं. मी कुंपणापाशी उभा होतो. काकींनी हातातलं गाजर संपवलं आणि त्या समोर बघत हसून म्हणाल्या, "आवं, आज तुमी दिसताय मला. लय ठळक दिसताय. पेरूखाली उभं हाय न्हवं?"

पेरूखाली कुणी नव्हतं. सुभेदार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला डब्यांपाशी उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या, ते अजिबात आवाज न करता पेरूखाली जाऊन उभे राहिले आणि मग म्हणाले, "व्हय. हितंच हाय मी."