बांधावर आपटलेली बोट

“वहिनी, हात द्या, मेलो मी,” असं माझा दीर धरणाच्या पाण्यातून ओरडत होता आणि मी बोटीत हात मांडीवर ठेवून बसले होते. त्याची साठी म्हणून त्याच्या पोरांनी नाशिकजवळच्या धरणावर दिवसभरासाठी मोटरबोट ठरवली होती, पाणी उतरल्यावर उघडी पडलेली बेटं बघायला. ती बेटं म्हणजे माझ्या बुडालेल्या माहेरच्या टेकड्या. दुसऱ्या बेटाकडे वळताना मी बोटवाल्याला म्हणाले, “डावीकडून घे, इथं खाली आमच्या शेताचा दगडी बांध हाय.” पुढच्या टोकावर फोटोसाठी उभा असलेला दीर हसला. “चौथी पास बाई आता बोट शिकवणार. चल रे सरळ.” हे चौथी पास मी लग्नापासून ऐकत होते, नवऱ्याच्या दहाव्याला पाहुण्यांसमोरसुद्धा. बोट बांधावर आपटली आणि तो पाण्यात पडला. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून त्याने बोटवाल्याने दिलेलं तरंगायचं जाकीट घातलं नव्हतं. पेट्रोलचा वास सुटला, पोहता न येणारी त्याची पोरं रडायला लागली, बोटवाला दोर शोधू लागला. मी विचारलं, “भाऊजी, बांध होता का नव्हता?” “होता, वहिनी, होता.” “कोण म्हणालं होतं?” “तुम्ही.” आणखी दोन घोट पाणी मी त्याला पिऊ दिलं, मग म्हणाले, “आता उभे राहा, तिथं कमरेइतकंच पाणी हाय.” तो उभा राहिला. मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही. बोटीत आम्ही सहा जण होतो आणि सहाही जण जिवंत घरी आलो.